उन्हाची बाजू

बेसबॉल या खेळाबद्दल आमच्या मामेसासऱ्यांइतकं कमी जाणून त्यांच्याइतकं जास्त बोलणारा माणूस भारतात दुसरा सापडणार नाही. अमेरिकेत एखादा असेलही. पण तो सोलापुरात आला, तर तासाभरात मामांपुढे हात टेकेल आणि जाताना एक शर्ट शिवायला टाकून जाईल. कारण मामा मूळचे कटिंग मास्तर. शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदा आमच्या गावात मोठा, आणि मामांची सगळी हयात त्या धंद्यात गेली. गळ्यातली टेप ते लग्नात काढत नाहीत आणि मयतीलाही काढत नाहीत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, मी अंतरपाटाच्या मागे घाम पुसत उभा होतो, तेवढ्यात कोणीतरी मागून येऊन माझा खांदा चिमटीत धरला आणि कानाशी म्हणालं, "जावईबापू, ह्यो कोट कुणी कापला वो? उजवा खांदा पडलाय की!" आमची ओळख झाली ती अशी. बायकोचं तोंड मी त्यानंतर पाहिलं.

सोलापुरात बेसबॉल कुठून आला, असं बाहेरगावचे लोक मला विचारतात. चादर कुठून आली, असं कोणी विचारत नाही. शाळा-कॉलेजांतून हा खेळ इथे बरीच वर्षं चालत आलाय आणि आमच्या पेठेतल्या मंडळाचा मुलींचा संघ तर चांगला नावाजलेला आहे. गड्ड्याची यात्रा संपली, पाळणे उतरले, की मंडळाच्या स्पर्धा लागतात. अकलूजचा संघ येतो, माढ्याचा येतो. उद्घाटनाचा सामना अर्थातच यजमानांचा. त्या सामन्यात आपल्या बाजूने चेंडू टाकायला पहिल्यांदा कोणी उभं राहायचं, म्हणजे पहिल्या दिवसाची पिचर कोण, हा प्रश्न आमच्या पेठेत संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर निघतो आणि तिळगुळाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

मामा या खेळात शिरले ते विजारीमुळे. मंडळाने एका वर्षी संघाचे कपडे त्यांच्याकडे शिवायला दिले. गुडघ्याखाली आवळलेली ती विजार मामांनी जन्मात पाहिली नव्हती. "घालणारं माणूस पळतं कसं, बगून येतो," म्हणून ते दुकानातून मैदानावर गेले, आणि माझ्या मामेसासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, ते अजून परत आलेले नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी पिचरबद्दलचा आपला सिद्धांत तयार केला. पिचर डोक्याने होत नाही, मनगटाने होत नाही, पिचर होतो खांद्याने. ज्या खांद्याची शिवण दंडाकडे जास्त उतरते, तो खांदा चेंडू टाकायला जन्मलेला असतो. या सिद्धांताला आजवर एकही पुरावा मिळालेला नाही. उलट मिळालेले पुष्कळ आहेत. सरावाच्या वेळी टेप घेऊन मुलींच्या मागे हिंडायला कोचबाईंनी त्यांना सक्त मनाई केली, तेव्हापासून ते कुंपणाबाहेर उभं राहून एक डोळा मिटून मापं घेतात. नातवाने त्यांना मोबाइलवर अमेरिकेतले सामने लावून दिले. तिथल्या खेळाडूंची नावं त्यांना कळत नाहीत, पण कपडे कळतात. "ह्यो बगा, ह्याची बगल घट्ट हाय. चौथ्या इनिंगला हात दुखनार." आणि ते खेळाडू सतत काहीतरी चघळताना दिसतात, ती तंबाखूच आहे याबद्दल मामांची खात्री आहे. "त्यास्नी तंबाखू, आन् आमच्या पोरींना लिंबूसरबत! कसं व्हायचं देशाचं?"

पहिला चेंडू कोणी टाकला याने एवढं काय बिघडतं, असं मी एकदा त्यांना विचारलं. मी क्रिकेटवाला माणूस. आमच्यात नव्या चेंडूला मान असतो, पण त्यासाठी कोणी जेवण सोडत नाही. मामांनी हातातली कात्री खाली ठेवली. मामा कात्री खाली ठेवतात तेव्हा समोरच्याने बसून घ्यावं. "जावईबापू, कापड पसरलं, खडूनं आखलं, सगळं झालं. पण पैली कात्री कुटं लागली, त्याच्यावर शर्ट हाय. ती चुकली की पुढं नुसती ठिगळं." एवढं बोलून त्यांनी समोरच्या कापडाला कात्री लावली आणि ती चुकली. त्या शाळेतला एक मुलगा वर्षभर जरा आखूड शर्टात हिंडला. पण मला ते बोलणं पटलं होतं, आणि मामांच्या बाबतीत असं बऱ्याच वेळा होतं.

एवढा मोठा वाद एकट्याने घालता येत नाही. मामांच्या नशिबाने त्यांना तोडीस तोड माणूस मिळाला होता. ते भूगोलाचे सर, पेठेतल्याच शाळेतून निवृत्त झालेले. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलणारे, पण बाहेर त्यांचं मराठी असं की समोरच्याला आपण नापास होऊ असं वाटावं. मामा खांद्यावर बोलायचे, सर वाऱ्यावर. मैदानाच्या भिंतीला लागून चहाची गाडी आहे, तिथे उभं राहून सर बोट ओलं करून वर धरायचे आणि म्हणायचे, "मास्तर, या दिवसांत सकाळी वारा पूर्वेकडून असतो. डावखुऱ्या मुलीचा चेंडू त्या वाऱ्यावर आत वळेल. हे भूगोलाने सांगितलेलं आहे." मामा म्हणायचे, "सर, भूगोलाला खांदा अस्तो काय?" मग चहा यायचा, गार व्हायचा, दुसरा यायचा. सर शांतपणे मुद्दे मांडत असायचे, मामा त्या मुद्द्यांना टाचण्या लावत असायचे, आणि कधीतरी अशी वेळ यायची की सरांच्या मानेची शीर फुगायची, चष्मा खाली यायचा आणि त्यांच्या तोंडून कडाडून निघायचं, "इल्ला!" म्हणजे नाही. रागात सरांचं मराठी संपायचं आणि आईचं कन्नड सुरू व्हायचं. तो शब्द निघाला की गाडीभोवतीची माणसं समाधानाने कप खाली ठेवायची. वाद रंगला, असं मानलं जायचं. मामा तर त्याच शब्दासाठी अर्धा वाद घालायचे. सरांना कन्नडपर्यंत नेलं की त्या दिवशी ते घरी दोन भाकऱ्या जास्त खायचे.

या वादाचा निकाल कोचबाई लावत, आणि आपण निकाल लावतोय हे त्यांच्या गावीही नसे. त्यांनी या दोघांचं मत कधीही विचारलं नाही. सामन्याच्या सकाळी त्या एका मुलीच्या हातात चेंडू द्यायच्या, झालं. हरणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती. मैदानाच्या पूर्व कडेला एक मोठा कडुलिंब आहे, तेवढीच काय ती सावली. ज्याची मुलगी उभी राहिली, तो लिंबाखाली बसणार. ज्याची राहिली नाही, त्याने समोरच्या बाजूला, तोंडावर ऊन घेत, सामना संपेपर्यंत बसायचं. सोलापूरच्या उन्हाची ज्यांना कल्पना नाही त्यांना हा पोरखेळ वाटेल. आमच्याकडे माघ संपायच्या आत ऊन असं पडतं की वाळत घातलेल्या कपड्यांची दया यावी. मामा बहुतेक वर्षी उन्हातच असत. भूगोलाचं बरोबर असायचं असं नाही, पण खांद्याचं नक्की चूक असायचं.

एका वर्षी मात्र त्यांनी हद्द केली. तेव्हा संघात दोन पिचर होत्या. शबाना, पेठेतलीच, उजव्या हाताची, अंगाने भरलेली. आणि रेणुका, होटगीहून रेल्वेने सरावाला येणारी, उंच, डावखुरी. मामा शबानाच्या बाजूने, सर रेणुकाच्या. कपडे शिवायला मामांकडेच होते. त्यांनी कोणाला न सांगता पिचरच्या शर्टाची उजवी बाही आणि बगल चांगली सैल कापली, म्हणजे शबानाला हात मोकळा फिरवता यावा, आणि डावी बाजू बेतशीर घट्ट ठेवली. सामन्याच्या सकाळी कोचबाईंनी चेंडू रेणुकाला दिला आणि पिचरचा शर्टही तिलाच दिला. पहिल्याच चेंडूला तिचा डावा हात वर गेला आणि बगल काखेपासून कमरेपर्यंत टरकन फाटली. बरं झालं, आत बनियन होती. लिंबाखालून सर दोन्ही हात वर करून ओरडले, "मास्तर, उसवलं! उसवलं!" मामा उन्हातून सुईदोरा घेऊन मैदानात धावले. पंचांनी खेळ थांबवला. मामांनी तिथेच, मैदानाच्या मधोमध, उभ्या मुलीच्या अंगावर टाके घातले, आणि टाके घालता घालता तिला म्हणाले, "पोरी, तुजा डावा खांदा बी बरा हाय की गं. मी कदी बगितलाच न्हाय." रेणुका त्या दिवशी फार छान खेळली. सर पुढे महिनाभर प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'उसवलं' म्हणत होते.

आणि मग दिवाळी झाल्यावर सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना सगळं समजतंय, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. त्यांना बोलायला प्रवृत्त करा, त्यांनी प्रयत्न सोडला तर मग अवघड. माणसं भेटायला येऊ लागली. आजाऱ्याशी बोलायचा आपला एक आवाज असतो, त्या आवाजात सगळे बोलायचे. "बरं वाटतंय ना सर? हो, हो. सगळं नीट होणार सर." सर नुसते छताकडे पाहायचे. पंधरवड्यातच त्यांनी माणसांकडे पाहणं सोडलं. मामा माझ्याबरोबर पहिल्यांदा गेले ते त्याच सुमारास. घराबाहेर आल्यावर रस्त्यावरच थांबले आणि गळ्यातल्या टेपच्या टोकाने डोळे पुसत म्हणाले, "होय होय म्हनून मारत्यात की वो त्यास्नी. उब्या जन्मात त्या मानसाला कुणी होय म्हनलेलं मी तरी ऐकलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी दुकान बंद करून सरांच्या घरी जायला लागले, भांडायला. खाटेशेजारी स्टूल ओढायचे आणि सुरू व्हायचे. "सर, औंदा शबाना. रेणुकाला आपन पानी वाटायला ठेवू." सर छताकडे. "त्या डावरीचा चेंडू वाऱ्यानं वळत न्हाय, भीतीनं वळतोय." सर छताकडेच, पण पापणी हलली. "आन् सर, तुमी पोरास्नी भूगोल शिकवला त्यो बी मला जरा शंकेचाच वाटतोय. परवा एक पोरगं तुळजापूर दक्षिणेला हाय म्हनत होतं." त्यावर सरांनी मान फिरवली आणि पहिल्यांदाच कोणाकडे तरी सरळ पाहिलं. त्या नजरेत मामांबद्दल काय होतं ते सांगायला नको. सरांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी मला दारात गाठलं. "अहो, तुमच्या मामांना सांगा की जरा. पडलेल्या माणसाशी कुणी भांडतं का?" मी सांगितलं. मामा थेट बाईंनाच म्हणाले, "वैनी, मी भांडतोय तोवर ते पडलेले न्हाईत." बाई आत गेल्या आणि मामांसाठी चहा घेऊन आल्या. पण आधण त्यांनी जरा रागानेच ठेवलं असावं, चहा कडू होता.

असं कितीतरी आठवडे चाललं. संक्रांत गेली, गड्डा भरला आणि उठला. सरांचे ओठ हलायचे, घशातून घरघर यायची, शब्द मात्र नाही. मामांचे मुद्दे संपत आले. खोटं वाटेल, पण मामा वाद शोधायला माझ्याकडे यायला लागले. "जावईबापू, तुमी शिकलेलं. सरांना राग येईल असं काय तरी सांगा की." मी त्यांना वाऱ्यांबद्दल दोन-तीन धडधडीत चुकीच्या गोष्टी सांगितल्या. त्या सरांनी नुसत्या डोळ्यांनी खोडून काढल्या.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी मामांबरोबर होतो. मामा खूप थकलेले दिसत होते. स्टूलावर बसले, गळ्यातली टेप काढून गुंडाळायला लागले. मी ती गळ्यातून उतरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मग हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलायच्या त्याच आवाजात म्हणाले, "सर, जाऊ द्या. तुमचंच खरं. रेणुकाच पायजे पैल्या दिवशी. खांद्यात काय नस्तं. मी आपलं तुमाला बोलतं करावं म्हनून बोलत होतो. मी हरलो सर."

सरांच्या मानेची शीर फुगली. डावा हात चादरीवर आपटला. तोंड वाकडं झालं, घशात काहीतरी अडकलं, पुन्हा अडकलं, आणि मग ते बाहेर आलं.

"इल्ला!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा स्टूलावरून उठले, बसले, पुन्हा उठले. "काय म्हनला? रेणुका न्हाय?" "इल्ला!" "मग काय शबाना?" सरांनी मान खाली-वर केली. फुकटचा जय या माणसाला मंजूर नव्हता. मामा रेणुकाच्या बाजूला आले म्हणताच त्यांनी बाजू सोडली होती. मामा रडत होते आणि रडता रडता ओरडत होते, "शबाना कशी? सांगा की कशी! वाऱ्याचं काय झालं मग?" बाई भिंतीला टेकून हसत होत्या का रडत होत्या, मला नीट कळलं नाही. मी स्वतः टेप गुंडाळत होतो. ती मामांच्या हातातून माझ्या हातात कधी आली ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना चाकाच्या खुर्चीतून मैदानावर आणलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली. शेवटी कोचबाई पुढे झाल्या आणि त्यांनी चेंडू दिला रेणुकाला. म्हणजे मामा जिंकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा निर्विवाद जिंकले, आणि तेही सरांच्या मुद्द्यावर. मी निमूटपणे खुर्ची लिंबाखाली ढकलायला लागलो. सरांनी डाव्या हाताने चाक धरलं आणि बोट समोर केलं, उन्हाच्या बाजूला. "काहीतरीच काय," बाई म्हणाल्या, "आजारी माणूस उन्हात?" मी मामांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, राहू द्या सर, या वर्षी माफ. मामांनी खुर्चीच्या दांड्या माझ्या हातातून घेतल्या. "हरलं की हरलं. सर उन्हातच बसनार," असं म्हणाले आणि खुर्ची ढकलत पलीकडे घेऊन गेले. सरांची मान एवढी ताठ मी झटक्यानंतर पाहिली नव्हती.

मामा काही लिंबाखाली परत आले नाहीत. खुर्ची लावून झाल्यावर ते सरांच्या पुढ्यात उभे राहिले, दोन्ही हात कमरेवर, धोतराचा सोगा जरा पसरून, असे की त्यांची सगळी सावली सरांच्या अंगावर पडावी. उन्हं चढत होती. "बसा की मामा," मी म्हटलं. "मला उब्यानंच बरं दिस्तं," ते म्हणाले. पण त्यांची पाठ मैदानाकडे होती. ते सरांकडे पाहत होते. सरांनी मान डावीकडे वळवली, मामा डावीकडे सरकले. सरांनी उजवीकडे पाहिलं, मामा उजवीकडे. तिकडे रेणुका चेंडू हातात घेऊन उभी राहिलेली, सगळं मैदान शांत झालेलं, आणि सरांच्या डोळ्यांसमोर मामांच्या सदऱ्याच्या गुंड्या. सरांचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरले.

"सर... का!"

मराठीतला शब्द! मामा जागचे हलले नाहीत. कानावर हात ठेवून खाली वाकले. "काय म्हनला सर? ऐकू न्हाय आलं."

"सर... का!"

"पुन्यांदा म्हना."

"सरका! दि... दिसत..."

त्याच वेळी मागे मैदानावर आरडाओरडा झाला. पहिला चेंडू पडला होता. तो रेणुकाच्या हातून निसटून कॅचरच्या डोक्यावरून थेट कुंपणाला लागला. इतका वाईट पहिला चेंडू मी आमच्या मैदानावर पाहिलेला नाही. सरांना तो दिसला नाही, आणि मामांनाही दिसला नाही. मामा वाकून सरांच्या तोंडाकडे पाहत होते, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

सर आता बोलतात. थोडं, अडखळत, पण भांडणाला पुरेल इतकं. मामा अजून रोज जातात. परवा मी मामांच्या दुकानात बसलो होतो, गप्पांत त्या दिवसाचा विषय निघाला, तेव्हा मी सहज विचारलं, "मामा, रेणुकाचा पहिला चेंडू कसा होता हो त्या वर्षी?"

मामांनी कापडावरून नजर वर न उचलता सांगितलं, "एकदम सरळ. मधोमध. मी बगितला की!"

मी हो म्हणालो.